‘गॅम्बिट’ला मराठीत काय म्हणाल?

गंगापूररोडकर: भाचीच्या क्लाससाठी बुद्धिबळाची टिपणं मराठीत करतोय. (विदित गुजराथी ग्रँडमास्टर झाल्यापासून नाशकात पटांना काही कमी नाही.) शह, मात, किल्लेकोट जमलं, ‘गॅम्बिट’पाशी गाडी अडली. ‘डावाची सुरुवातीची चाल’ चालेल का?

पंचवटीकर: नाही हो. सुरुवातीची चाल प्रत्येक डावात असतेच. गॅम्बिटमध्ये आरंभालाच काहीतरी, बहुधा प्यादं, देऊ करायचं आणि मोबदल्यात वेग, मोकळीक किंवा हल्ला मिळवायचा. मूळ इटालियन ‘गाम्बेत्तो’, म्हणजे पाय अडकवून पाडणं. स्पॅनिश पाद्री रुय लोपेझ यानं १५६१ सालच्या पुस्तकात तो शब्द बुद्धिबळात आणला. आपल्या तालमीत सरळ टांग म्हणतात!

गंगापूररोडकर: मग ‘प्यादेबळी’?

पंचवटीकर: वजिराच्या गॅम्बिटलाच (क्वीन्स गॅम्बिट) तो लागू होत नाही. बघा (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, अंक म्हणजे आडवी; या चाली प्याद्यांच्या): पांढरा डी४, काळा डी५, पांढरा सी४. काळ्यानं प्यादं मारलं, पांढरा ई३. आता मारलेलं पचवायला काळा बी५ खेळला, तर पांढरा ए४, काळा सी६. बी५वर मारामारी होते आणि पांढऱ्याचा वजीर एफ३वर येतो. कर्ण सताड उघडा, टोकाला ए८वरचा हत्ती. तो वाचवायचा तर घोडा नाहीतर उंट द्या. बळी कसला, उसनवारी ती. मी ‘आमिष’ म्हणेन.

निफाडवाला: आमिष बरोबर. द्राक्षाचा व्यापारी पहिल्या तोड्याला चढा भाव देतो, आपण खूश. दुसऱ्या तोड्याला म्हणतो, ‘दादा, मण्याला फुगवण नाही.’ तोवर बाकीचे गिऱ्हाईक आपणच परत पाठवलेले असतात. पण बागेत शिरताशिरता ‘माल हलकाच दिसतोय’ म्हणतो, ते गॅम्बिट का?

पंचवटीकर: इंग्रजीत बोलण्याच्या अशा सुरुवातीलाही गॅम्बिट म्हणतात. मराठीत तो खडा टाकून बघतोय. पदरचं काही जात नाही, म्हणून तिथं आमिष नको. राजकारणातल्याला ‘खेळी’ पुरते. ‘पवित्रा’ मात्र कुठंच लावू नका. पवित्रा म्हणजे उभं राहण्याची ढब, चाल नव्हे.

गंगापूररोडकर: टिपणात ‘गॅम्बिट’च ठेवतो, खाली आमिष म्हणून खुलासा. तो गॅम्बिट की ते गॅम्बिट?

पंचवटीकर: मी ‘ते’ म्हणतो. क्लासमधली पोरं ‘ती गॅम्बिट’ म्हणतात, आणि शब्द त्यांच्याच तोंडी राहणार आहे.