जुनं हार्वेस्टर बघून ठेवलंय, २२ एकरवाल्यानं घ्यावं का?

औसेकर

रामराम मंडळी. औसा तालुक्यातला आहे. मी, धाकटा भाऊ आणि चुलते मिळून २२ एकर, सगळी काळी. खरिपात १४ एकर नुसतं सोयाबीन, उरलेल्या ८ एकरात सोयाबीनमध्ये तूर. रब्बीत त्या १४ मधल्या १० एकरांवर हरभरा आणि विहिरीखाली ४ एकर गहू.

२०२५च्या सप्टेंबरात आमच्याकडं पाऊस कसा झाला ते तुम्हाला सांगायला नको. उघडीप मिळाली तेव्हा कापणीचं गुत्तं (ठेका) घेणारी टोळी आधीच दुसऱ्या गावाला गेलेली. भाड्याचं हार्वेस्टर सांगितलं तर आमचा नंबर अकरावा. नंबर येईपर्यंत वरच्या शेंगा उकलल्या आणि खालच्यांना झाडावरच कोंब आले. आईनं एक झाड उपटून ओट्यावर आणून ठेवलं. काही बोलली नाही, नुसतं ठेवलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे मशीन घोळतंय.

आता निलंग्याकडं एक बघितलंय. २०१६चं, पंजाबात नाभ्याकडं बनलेलं, १४ फुटी कटर बार (पुढचा पीक कापणारा दांडा), लेलँडचं इंजिन, चार चाकी. मालक स्वतः शेतकरी आहेत, मशीन एकाच घरात राहिलेली. मुलं पुण्याला गेली, ऑपरेटर टिकत नाही म्हणून विकतायत. मीटर २,९०० तास दाखवतं. साडेनऊ लाख म्हणतात. शेडमध्ये उभी असते. मी गेलो तेव्हा टँकमध्ये एक दाणा नव्हता, ग्रीसचे निपल पुसलेले होते. आणि त्यांच्याकडं एक वही आहे: कोणत्या तारखेला ऑइल बदललं, कोणतं बेअरिंग टाकलं, कितीला पडलं, सगळं लिहिलेलं. माझं मन तिथंच बसलं, खरं सांगतो.

पण भाऊ म्हणतो, आपली वर्षाची कापणी धरून-धरून २८ एकर, त्याच्यासाठी साडेनऊ लाख? एकरी दोन हजार भाडं धरलं तरी वर्षाला छप्पन्न हजारच वाचतात. हिशेब त्याचा बरोबर आहे. मग माझं काय चुकतंय, की त्याचं काय राहून जातंय? आणि घ्यायचीच झाली तर नेमकं काय उघडून बघू? ट्रॅक्टरची मला माहिती आहे, हार्वेस्टरमध्ये अडाणी आहे. अजून आठ-दहा दिवस तिकडं गहू उभा आहे, तेवढ्यात ठरवायचंय.

तेरणाकाठ

दादा, मशीनच्या आधी कागद बघा. आम्ही चार वर्षांपूर्वी परराज्यातलं हार्वेस्टर एका दलालाकडून घेतलं. मशीन चांगली निघाली, पण आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच होता आणि मूळ मालक फोन उचलेना. दोन हंगाम मशीन दुसऱ्याच्या नावावर चालवली. रस्त्यावर काढली की पोटात गोळा यायचा.

इंजिन नंबर आणि चॅसी नंबर स्वतः खडूनं घासून वाचा आणि आरसीशी ताडून बघा. पासिंग अजून पंजाबचंच असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो. नाव बदलायला २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. हे हातात आल्याशिवाय विसारापलीकडं एक रुपया देऊ नका. आणि नव्यावर अनुदान मिळतं म्हणून जुन्यावरही मिळवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका.

चाळणीवाला, नांदेड

औसेकर, माझी १७ वर्षं हार्वेस्टरवर गेली. पहिली सहा पंजाबच्या टोळीबरोबर, आधी हेल्पर मग ऑपरेटर. आता नांदेडला गॅरेज आहे. तुम्ही वहीचं लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. असा मालक शंभरात एखादा. तरी मशीन उघडल्याशिवाय हो म्हणू नका.

पहिला प्रश्न मालकाला हा विचारा: धानात किती चालली? तासांपेक्षा हे महत्त्वाचं. भाताच्या तुसात वाळूसारखा अंश असतो, तो लोखंड खातो. गहू-हरभऱ्यात ३,००० तास चाललेली मशीन धानात १,५०० तास चाललेल्या मशीनपेक्षा आतून चांगली निघते, हे मी हातानं बघितलंय.

मग बाजूचं झाकण उघडा. इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात. मळणीचा ड्रम हातानं फिरवा आणि प्रत्येक रास्प बारवर, म्हणजे ड्रमवरच्या खाचांच्या पट्टीवर, नख ओढा. खाचेच्या कडेला नख अडलं पाहिजे. गुळगुळीत सरकलं तर बार संपले. एखादाच बार नवा आणि बाकी जुने दिसले तर मशीन घाईत चालू केलेली आहे, कारण बार समोरासमोरच्या जोडीनंच बदलायचे असतात. नाहीतर ड्रमचा तोल जातो, मशीन थरथरते आणि बेअरिंगं खाते. ड्रमखालच्या कॉन्केव्हच्या जाळीलाही (हिच्यातून दाणा खाली पडतो) बोट लावा. नव्या जाळीची धार चौकोनी असते, झिजलेलीची गोल. झिजलेल्या जाळीवर ऑपरेटर गॅप कमी करून काम ओढतो आणि मग सोयाबीनची डाळ होते.

मागं जाऊन वॉकर, म्हणजे भुसा झटकत मागं ढकलणारे लांब पाट, एकेक धरून वरखाली हलवा. लाकडी बुश असतात, खटखट वाजले तर बदलायचे. खर्च फार नाही, पण किंमत पाडायला मुद्दा मिळतो. दाणा वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या आणि ऑगरच्या (दाणा सरकवणाऱ्या स्क्रूच्या) तळाला हात फिरवा. पत्रा कागदासारखा झाला असेल किंवा लांबी भरून रंग मारला असेल तर बोटाला कळतं. तिथून गळणारं सोयाबीन कुणाला दिसत नाही, ते शेतात पडतं आणि पुढच्या पावसात उगवलं की कळतं.

इंजिनचं एवढंच: न सांगता सकाळी जा आणि ब्लॉकला तळहात लावा. गरम असेल तर तुमच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवलंय. थंड इंजिन एका सेल्फला उठलं, धूर निळा नाही, ब्रीदरमधून (इंजिनच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) फुसफुस नाही, तर पुढं बोला.

सगळ्यात मोठी परीक्षा मात्र उभ्या पिकात. दोन एकर गहू कापून दाखवा म्हणा, डिझेल तुमचं. एक मीटर बाय एक मीटरची चौकट घरी पट्ट्यांची करून न्या. आधी न कापलेल्या गव्हात ठेवून गळालेले दाणे मोजा. मग मशीन गेल्यावर मागं भुसा पडतो त्या पट्ट्यात ठेवा, भुसा झाडा आणि परत मोजा. आधीचे वजा करा. १४ फुटांचं पीक मागं साडेचार फुटांच्या पट्ट्यात पडतं, म्हणून आलेल्या आकड्याला ३ नं भागा. गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात आणि एकरात ४,००० चौरस मीटर धरा, म्हणजे एकरी किती किलो गेलं ते निघतं. पाच-सहा ठिकाणी मोजा, एका ठिकाणावर जाऊ नका. आणि टँकमधला मूठभर गहू रुमालात बांधून घरी न्या, तुटका किती ते निवांत बघा.

आता तुमच्या भावाचं. तो खरं बोलतोय, २८ एकरावर हे मशीन फिटत नाही. बाहेरचं निदान दोनशे एकर करावंच लागेल, आणि ते करणारा माणूस घरातला पाहिजे. ऑपरेटर हंगामात सोडून गेला की ते लोखंड अंगणात उभं राहतं. तुमच्याकडं कोण चालवणार? हे लिहिलं नाहीत.

अजून एक. तुमच्या आठ एकरातल्या तुरीत हे मशीन जाणार नाही. तूर हवी असेल तर पेरणीच पट्ट्यानं करा, सोयाबीनचा पट्टा कटर बारपेक्षा थोडा रुंद ठेवा. आणि ओल्या काळीत चार चाकी रुतते. टँक भरली की नुसत्या धान्याचंच दीड-दोन टन वाढतं. म्हणजे उघडीप मिळाली त्या दिवशीच आत जाता येईल असं समजू नका. तरी अकराव्या नंबरापेक्षा पहिला नंबर बरा, ते मात्र कबूल.

वाशीमची शेतकरीण

दादा, घरचं बियाणं ठेवता का? आम्ही हार्वेस्टरनं काढलेलंच बियाणं म्हणून ठेवलं आणि जूनमध्ये अर्धं रान मोकळं दिसलं. सोयाबीनचं टरफल फार नाजूक, ड्रमचा मार बसला की दाणा वरून चांगला दिसतो आणि आतून मेलेला असतो. आता बियाण्याचं दीड एकर आम्ही विळ्यानं कापतो, ताडपत्रीवर वाळवतो आणि मळणी यंत्र ४०० आरपीएमवर ठेवूनच मळतो. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळते. ७० उगवले तर एकरी ३० किलो, कमी उगवले तर त्या मानानं जास्त.

दुसरं म्हणजे दुपारी दोनला सोयाबीन कडक वाळलेलं असतं तेव्हा कापू नका, फूट फार होते. दव उडाल्यावर सकाळी आणि चारनंतर. आणि तुमच्या आईंना विचारा, जनावरं किती आहेत. हार्वेस्टर सगळी गुळी (जनावरांना घालायचा सोयाबीनचा भुसा) रानभर उधळतं. आमच्या सासूबाईंना त्याचंच सगळ्यात वाईट वाटलं होतं.

औसेकर

उशिरा लिहितोय, पण सगळ्यांचे मनापासून आभार. घेतली.

काका, तुम्ही सांगितलं तसं सकाळी साडेसहाला न सांगता गेलो. ब्लॉक थंडगार. मालकांनी विचारलंसुद्धा नाही का आलात, चहा ठेवला आणि किल्ली आणून हातात दिली. धानाचं विचारलं तर वही उघडून दाखवली: एकदाच, १९ दिवस, २०१९ साली. रास्प बारवर नख अडलं. आठपैकी दोन बार नवे होते, पण बरोबर समोरासमोरचे. ते बघून मला तुमची आठवण झाली. जाळी मात्र पुढच्या बाजूला गोल झालीय. वॉकरचे तीन बुश वाजत होते. एलिव्हेटरच्या बुडाला एका ठिकाणी पत्र्याचा तुकडा जोडलाय, तो मालकांनी स्वतःच दाखवला.

गव्हात चालवली. चौकट भावाकडं दिली होती, मुद्दाम. तो उन्हात गुडघ्यावर बसून सहा ठिकाणी दाणे मोजत होता. उभ्या गव्हात सरासरी १२ आले, मागच्या पट्ट्यात २१०. वजा करून तीननं भागलं तर ६६. म्हणजे एकरी दहा-अकरा किलो. त्या रानाला चौदा क्विंटलचा उतारा पडला, त्यात शंभराला एक किलोसुद्धा जात नाही. भावानं तीन वेळा गुणाकार केला आणि मग पहिल्यांदा त्यानंच किमतीचं बोलणं काढलं.

कोण चालवणार, हा तुमचा प्रश्न मला झोंबला होता, कारण मी तो टाळत होतो. आम्ही तिघांनी बसून ठरवलं. ट्रॅक्टर चुलते सांभाळतील, हार्वेस्टर भाऊ चालवेल. मालक म्हणाले, हंगामाचे पहिले आठ दिवस मी स्वतः येऊन त्याच्याजवळ बसतो. बाहेरच्या कामासाठी गावातल्या नऊ घरांनी आत्ताच शब्द दिलाय, मिळून १३० एकर होतात. दोनशेला अजून कमी आहे, ते माहीत आहे. आठ लाख ऐंशी हजाराला ठरलं, जाळी आणि बुश आमच्या अंगावर. पासिंग पहिल्यापासून लातूरचं, बोजा नाही. २९-३० वर सह्या झाल्या.

ताई, बियाण्याचं एक एकर विळ्यानंच कापणार. आईला गुळीचं विचारलं. म्हशी दोन आहेत. ती म्हणाली, तुरीच्या आठ एकराला हात लावू नका, तिथली गुळी मला पुरते. म्हणून तिथली पद्धत आहे तशीच राहील, पट्टा वगैरे काही नाही. तिथं टोळी आणि बनीम (कापलेल्या पिकाची गंजी).

काका, सोयाबीनला ड्रम हळू करायला पुल्ली बदलावी लागेल असं मालक म्हणाले, त्यांच्याकडची फुटलीय. जाळी आणि पुल्ली दोन्ही तुमच्याकडूनच नेईन. शुक्रवारी नांदेडला येतोय, गॅरेजवर असाल का?

चाळणीवाला, नांदेड

असतो. पुल्लीवरचा जुना पट्टा आणि फुटकी पुल्ली मापाला सोबत आणा. आणि भावाला घेऊन या, जाळी कशी बसवायची ते त्याच्याच हातानं करून घेऊ.