'संशोधन' गावात कोणत्या शब्दानं सांगावं?

बीडहून, मूळ विचारणा

नमस्कार. मी शिक्षणशास्त्रात पीएचडी करते. आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर गावात मागं राहणाऱ्या मुलांचं शिकणं, त्यांची तब्येत आणि मोबाइलवर चालणारा त्यांचा अभ्यास, असा माझा विषय. दिवाळीच्या आधी, टोळ्या निघायच्या तोंडावर, एका तांड्यावर गेले होते. "आम्ही संशोधन करतोय" म्हटलं, तर एक आजी म्हणाल्या, "कशाचा शोध लावायलीस बाई?" मी शब्द बदलून 'सर्वे' म्हटलं. लगेच दोघीतिघी आधारकार्ड घेऊन आल्या. घरकुलाच्या यादीत नाव येईल असं त्यांना वाटलं. त्यांना परत पाठवताना फार वाईट वाटलं.

संशोधन, शोध, अभ्यास, सर्वेक्षण, पाहणी यांचे नेमके अर्थ काय, आणि संमतिपत्रकावर यातला कोणता लिहावा? तिथं चुकीचा शब्द पडला तर खाली घेतलेल्या सहीला अर्थ उरत नाही, म्हणून विचारते आहे.

नांदेडहून

ताई, आधी व्युत्पत्ती पाहू. 'शोध' आणि 'संशोधन' दोन्ही 'शुध्' या धातूपासून आलेले, म्हणजे मूळ अर्थ शुद्ध करणं. आयुर्वेदात तो अजून तसाच आहे: वमन, विरेचन, बस्ती ही शोधनचिकित्सा, तर दोष जागच्या जागी शांत करणं ते शमन. पोथीच्या अनेक प्रती ताडून चुकीचे पाठ काढून टाकणं हेही शोधनच. मराठीत मात्र 'शोधणे' म्हणजे धुंडाळणे असा अर्थ रुळला. चाळून, निवडून खडे बाजूला केले की हवा तो दाणा सापडतो. शुद्ध करण्याकडून सापडण्याकडे शब्द असाच सरकला असावा, असं मला वाटतं. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, त्या नावातल्या 'संशोधक' शब्दात मला दोन्ही अर्थ दिसतात.

हिंदीत 'संशोधन' दुरुस्तीवर थांबला. 1976 ची आपली 42वी घटनादुरुस्ती हिंदीत 'संविधान संशोधन' होते. विद्यापीठीय कामाला हिंदी 'शोध' किंवा 'अनुसंधान' म्हणते. देशभरचे प्रबंध जिथं ठेवतात त्या भांडाराचं नाव म्हणूनच 'शोधगंगा'. माझे विद्यार्थी हिंदी परिपत्रकातला 'संशोधित' शब्द दरवेळी चुकीचा लावतात. तिथं 'सुधारित' समजायचं असतं.

आता आजींचं. मराठीत 'शोध लावणे' म्हणजे आधी कुणाला ठाऊक नसलेलं काही पुढं आणणं. वाफेच्या इंजिनाचा शोध, लसीचा शोध. तुमच्या तोंडून 'संशोधन' ऐकून त्यांनी 'शोध लावणे' जोडलं, ते भाषेच्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे. चूक झाली असेल तर ती शब्द निवडताना.

छत्रपती संभाजीनगरहून

वरच्या सरांनी संस्कृताची बाजू सांगितली, मी दुसरी सांगतो. माझ्या वडिलांचं शिक्षण उर्दूतून झालं. 1948 पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये सुरू झालं ते उर्दू माध्यमातच. त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतराचा स्वतंत्र विभाग उघडला होता, पारिभाषिक शब्द तिथं घडवले गेले. उर्दूत संशोधनाला 'तहकीक' म्हणतात आणि संशोधकाला 'मुहक्किक'. मुळाशी अरबी 'हक्क', म्हणजे सत्य. तहकीक करणं म्हणजे ऐकलेली गोष्ट खरी आहे का ते पक्कं करणं. संस्कृतनं शुद्ध करण्यावरून शब्द घेतला, अरबीनं खरं ठरवण्यावरून, आणि मराठवाड्याच्या कानावर दोन्ही पडले. हे आपलं धन आहे, आणि आपल्या परिभाषाकोशांनी त्यातला अर्धाच भाग जपला याचं मला मनापासून दुःख होतं.

पण बेटा, गावात हा शब्द वापरू नको. तिथं 'तहकीकात' तेवढी पोचली, आणि ती फौजदाराची. 'चौकशी'चंही तेच.

परभणीहून

मी शेती विस्ताराच्या कामात आयुष्य घालवलं, म्हणून 'पाहणी'विषयी लिहितो. हा शब्द कोशात निरुपद्रवी आहे, शेतकऱ्याच्या मनात नाही. गारपीट झाली, पाऊस नाही आला, की पाहणीचं पथक येतं. 2021 पासून ई-पीक पाहणीही मोबाइलवर आली. पाहणी झाली की पुढं पंचनामा आणि मग भरपाई, अशी साखळी डोक्यात पक्की आहे. तुम्ही पाहणी म्हणाल आणि माणसं वाट बघत बसतील.

दुसरा शब्द 'नमुना'. "तुम्ही आमच्या नमुन्यात आलात" असं पोरं सांगतात. ऐकणाऱ्याला सातबारा आठवतो, कारण तोसुद्धा गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 आहे. त्याऐवजी मातीचा नमुना सांगा. आम्ही शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायला लावायचो, वीतभर खोल. ती माती मिसळायची, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा मिसळायची, अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाखालची माती घ्यायची नाही, कारण ती शेताचं खरं सांगत नाही. पुस्तकात ज्याला 'यादृच्छिक नमुना निवड' म्हणतात त्यातलं मर्म शेतकऱ्याला असं आधीच माहीत असतं. "सगळ्या घरांना विचारणं होत नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकून घरं निवडली, रस्त्याकडेची तेवढी घेतली तर गाव कळणार नाही" एवढं सांगितलं की पुरतं.

केजहून

मी ऊसतोड कामगाराचा मुलगा. ताई, पत्रकावरचं नाव ठीक करा, पण प्रश्नावलीतले शब्द त्याहून आधी बघा. मी पदवीला असताना आमच्या घरी अशीच एक प्रश्नावली आली होती. "कर्ज आहे का?" असा प्रश्न. आई म्हणाली, नाही. लिहिणाऱ्यानं 'नाही' लिहिलं. त्याच आठवड्यात घरात मुकादमाची उचल, म्हणजे तोडीच्या कामापोटी आगाऊ मिळणारे पैसे, आली होती. आई खोटं बोलली नाही. कर्ज बँकेचं किंवा सावकाराचं असतं. उचल ही अंगावर घेतलेली असते, ती कामानं फेडायची. त्या कागदावर आमचं घर बिनकर्जाचं ठरलं आणि मी शेजारी बसून काही बोललो नाही, ते आजही टोचतं.

तसंच 'कोयता'. "घरातले किती जण मजुरीला जातात?" याला आमच्याकडं "दोन कोयते" असं उत्तर येतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणजे दोन कोयते म्हणजे चार माणसं. एकटा माणूस गेला तर अर्धा कोयता. हे ठाऊक नसलेला 'दोन' लिहून मोकळा होतो आणि त्या दोनात बाईचं काम दिसतच नाही. मुलांबद्दलही सांभाळा. "मूल कोणाकडे राहतं?" असं सरळ विचारा. 'पालक' म्हटलं की आजीला ती स्वतः वाटत नाही, ती लेकाचं नाव सांगते, आणि लेक तर कारखान्यावर.

लातूरहून

आरोग्याच्या बाजूनं थोडं. 'तपासणी' हा शब्द जपून. मुलांची उंची-वजन घेणार असाल, बोटातून रक्ताचा थेंब घेणार असाल, तर आया तपासणी म्हटल्यावर औषधाची वाट बघतात. 'मोजमाप घेणार' म्हणा आणि रक्त कमी निघालं तर कुठं दाखवायचं ते आधीच ठरवून ठेवा. दुसरं असं की मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकवहीत, ज्याच्यावर प्रयोग करायचा त्या माणसासाठी, आम्ही 'प्रयुक्ताचे नाव' असं लिहायचो. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या 2017 च्या संशोधन-नीतीच्या मार्गदर्शक सूचनांच्या नावातच 'सहभागी' आहेत. तुम्हीही सहभागीच लिहा. 'उत्तरदाता' म्हटलं की माणसानं नुसती उत्तरं द्यायची, सहभागी मात्र "हे कशाला हवं?" असं उलट विचारू शकतो.

बीडहून, पुन्हा

सगळ्यांचे आभार. केजच्या दादांचं वाचून प्रश्नावली पुन्हा काढली. 'कर्ज' आणि 'उचल' आता दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मजुरीच्या प्रश्नात बायका किती, पुरुष किती हे वेगळं येतं. पत्रकावर 'अभ्यास' लिहिला. "मी शिकते आहे. आई-वडील तोडीला गेल्यावर लेकरं कशी शिकतात, याचा अभ्यास करते. यातून घरकुल, अनुदान किंवा औषध मिळणार नाही. नको वाटलं तर मधेच थांबवा, कुणी काही म्हणणार नाही."

काल हे त्या आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अभ्यास कर की. पर झाल्यावर आम्हाला सांगाया येशील का?" याचं वाक्य पत्रकात नव्हतं. घालते आहे. तिथं 'निष्कर्ष' लिहायला हात धजत नाही, दुसरा शब्द सुचवा.

नांदेडहून

'निष्कर्ष' म्हणजे निस् आणि कृष्, आतून ओढून बाहेर काढलेलं. आजींच्या भाषेत तो शब्द तयारच आहे: "काय निघालं ते येऊन सांगेन." तेवढंच लिहा.