झेक कंट्री संगीत: हे तिकडं रुजलं कसं?

सांगलीचा_गडी:
धाकट्या भावाचा अमेरिकन मित्र विश्रामबागेत आमच्याकडं उतरलाय. प्रागला राहून आलाय, दिवसभर झेक गाण्यातला बँजो (गिटारसारखं तारांचं वाद्य) लावून बसतो. आईसुद्धा भाकरी थापताना ठेका धरायला लागली! अमेरिकेचं हे कंट्री, म्हंजे तिकडच्या गावाकडचं संगीत, झेक लोकांत पोचलं कसं?

मिरजवाला:
१९६४ ला अमेरिकन लोकगायक पीट सीगर प्रागला गायला. त्याचा पाच तारांचा बँजो बघून मार्को चेरमाक या झेक वादकानं फोटोंवरून तसाच बनवला. पाव्हण्याला सतारमेकर गल्लीत आणा, भोपळ्याचा तंबोरा होताना बघून खुळा होईल.

कास_पठारी:
'ग्रीनहॉर्न्स' हा झेक बँड ऐका. इंग्रजी नाव तिथल्या कम्युनिस्ट सरकारला खुपलं, मग 'झेलेनाची' झाले. गायक मिखाल तुचनी त्यांच्यातलाच, होश्तित्से गावात त्याचं थडगं काऊबॉय हॅटच्या आकाराचं आहे. इवान म्लादेकचा बँजो बँड मात्र शेवटी ठेवा. सगळी चेष्टामस्करी, भाषेशिवाय निम्मी मजा जाते.