पावसात चूल धड पेटत नाही, धूर घरात येतो. सल्ला हवा

कुळागरवाली:
नमस्कार मंडळी. आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून बरंच आत. एप्रिलमध्ये जुनी मातीची रांदण काढून दाराची लोखंडी चूल बसवली. खाली राखेचा कप्पा, मागून ४ इंची नळ. मे महिन्यात इतकी सुंदर चालली की भाताचं आधण बघता बघता यायचं. पाऊस लागला आणि सगळं बिनसलं.

लाकूड टोकाला फसफसतं, फेस येतो. दार लावलं की जाळ मंदावून विझतो, उघडं ठेवलं की धूर स्वयंपाकघरात. नळाच्या सांध्यातून काळा चिकट रस गळून भिंतीवर ओघळ आलेत. सासूबाई ७४ वर्षांच्या, त्यांना खोकला लागलाय. गणपतीची चवथ पाच आठवड्यांवर आली आणि पातोळ्या, खतखतं चुलीवरच व्हावं ही त्यांची इच्छा आहे, माझीही आहे. गॅस आहे घरात, प्रश्न तो नाही.

चूल करून देणारा म्हणतो लाकूड बघा. लाकूडवाला म्हणतो चूल बघा. मी कोणाचं ऐकू?

फोंड्याहून:
फेस येतो म्हणजे लाकूड ओलं, यात शंकाच नाही. कुठलं लाकूड, कधी तोडलेलं, कुठे ठेवलंय?

कुळागरवाली:
आकेशिया आणि थोडं काजूचं. मार्चमध्ये तोडलेलं. ओंडके तसेच गोल आहेत, मांडीएवढे जाड. मागच्या पडवीत रचून वरून खालपर्यंत निळी ताडपत्री गुंडाळलीय, एक थेंब आत जात नाही.

मडगावकर:
ताई, पेटवताना थोडं रॉकेल शिंपडा, लगेच धरतं.

फोंड्याहून:
कृपा करून हे करू नका. आधीच आत निखारा असेल तर रॉकेलची वाफ भपकन पेटून दारातून तोंडावर येते. शेजारच्या आवाठात एका बाईंचे हात असेच भाजलेले मी पाहिलेत. बरं, रॉकेल जळून संपलं की लाकूड पुन्हा ओलं ते ओलंच. पेटवायला आपल्याकडे काय कमी आहे? वाळक्या झावळ्या, पोफळीच्या विऱ्या, करवंट्या, सोडणं. फक्त कोरडी हवीत.

पेडण्याचे मामा:
कुळागरवाली ताई, मी तीस वर्षं चुलीवर आणि बंबावर राहिलेला माणूस. तुमची चूल मे महिन्यात चालली, म्हणजे ती बिघडलेली नाही. तेव्हापासून आजपर्यंत काय बदललं तेवढंच शोधायचं.

पहिलं लाकूड. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणीच असतं. नीट जळायला ते २० टक्क्यांच्या खाली यावं लागतं. गोल ओंडका सालीतून वाळत नाही, तो टोकांकडून वाळतो, म्हणून मांडीएवढ्या ओंडक्याला वर्षसुद्धा पुरत नाही. मार्चमध्ये तोडून जूनला पाऊस, मग ते वाळणार कधी? त्यात तुम्ही ताडपत्री खालपर्यंत ओढलीत. पाऊस आत जात नाही हे खरं, पण लाकडातली वाफ बाहेरही जात नाही. ताडपत्री हातभर वर उचला, फक्त माथ्यावर राहू दे, चारी बाजूंनी वारा खेळू दे. खाली दोन आडव्या फळ्या टाका, जमिनीला लाकूड टेकायला नको.

ओंडके आजच फोडा. मनगटापेक्षा जाड काही ठेवू नका. रोज दोन दिवसांचं सरपण चुलीच्या बाजूला, हातभर अंतर सोडून उभं करा. पूर्वी चुलीवर माच बांधून त्यावर लाकडं ठेवायचे ते यासाठीच. एका ढलपीवर खडूने खूण करून ती स्वयंपाकाच्या काट्यावर मोजा, तीन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा. वजन उतरायचं थांबलं की ती ढलपी त्या जागी जेवढी वाळायची तेवढी वाळली. कानानेही कळतं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा, वाळलेली टणटण वाजते, ओली बदबद.

ओल्या लाकडाने नुसता वेळ जातो असं समजू नका. पाण्याची वाफ करण्यात उष्णता जाते, जाळ थंड पडतो आणि लाकडातून निघालेला वायू न पेटताच नळात शिरतो. धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. थंड नळात तो थिजून डांबर होतो, तोच तुमच्या भिंतीवरचा काळा ओघळ. हे डांबर नळात साचलं तर पुढे कधीतरी आतच पेट घेतं, म्हणून ते काढल्याशिवाय मोठा जाळ करू नका.

आणि सांधे बघा. वरच्या नळाचं टोक खालच्या नळाच्या आत जायला हवं. उलटं बसवलं असेल, म्हणजे वरचा नळ खालच्याच्या बाहेरून, तर डांबर सांध्यातून बाहेरच गळणार. बरेच कारागीर पत्र्यावरच्या पावसाचा विचार करून तसं बसवतात. चुलीच्या नळाला ते चालत नाही.

काजूचं लाकूड ठीक आहे. बियांची टरफलं मात्र चुलीत कधी टाकू नका. त्यातल्या तेलाचा धूर डोळे, घसा, कातडी जाळतो, आणि तुमच्या घरी आधीच खोकला आहे.

काणकोणचा वारा:
मामांनी लाकडाचं सगळं सांगितलं. मी हवेचं विचारतो. १) नळ कौलातून वर गेलाय की भिंतीतून बाहेर? २) मे महिन्यात खिडकी उघडी असायची का?

कुळागरवाली:
मामा, आत्ता जाऊन बघितलं, सांधे खरंच उलटे आहेत! वारा दादा, नळ भिंतीतून बाहेर जातो, काटकोनात दोनदा वळतो आणि पागोळीच्या खालीच संपतो. खिडकी मेमध्ये सताड उघडी, आता झड येते म्हणून बंद. आणि हो, धूर होतो म्हणून जूनमध्ये भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवला.

काणकोणचा वारा:
तो पंखा पहिला बंद करा. खिडकी बंद आणि पंखा चालू, मग त्याला हवा मिळणार कुठून? तुमच्या नळातूनच. म्हणजे धूर घालवायला बसवलेला पंखा चुलीतला धूर खोलीत ओढतोय. त्यात धूरच नाही, कार्बन मोनॉक्साइडही असतो. त्याला वास नसतो, डोकं दुखतं, मळमळतं. पावसातही एक खिडकी चार बोटं उघडी ठेवाच. सासूबाईंना चुलीपाशी बसू देऊ नका.

खात्री करायला चूल न पेटवता दारापाशी उदबत्ती धरा. आधी पंखा चालू ठेवून, मग बंद करून. धूर आत ओढला गेला तर नळ ओढतोय, खोलीकडे आला तर उलटा वाहतोय.

नळ पागोळीखाली संपवला ही मोठी चूक. नैर्ऋत्येचा वारा छपरावर आपटून तिथेच खाली दाबतो. नळ कौलातून बाहेर पडतो तिथून निदान ३ फूट वर हवा, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल, छपराचं आढं म्हणा, माडी म्हणा, त्याच्यापेक्षा २ फूट वर. काटकोनाऐवजी तिरकी वळणं घ्या. तोवर रोज पेटवण्याआधी नळाच्या बुडाशी वर्तमानपत्राचा एक पिळा पेटवा. थंड नळातली जड हवा वर ढकलली गेली की मगच चुलीत जाळ करा.

फोंड्याहून:
राखेचा कप्पाही रोज रिकामा करा. जाळीपर्यंत राख आली की खालून हवाच येत नाही, मग दार लावलं की विझणारच.

कुळागरवाली: *(१२ दिवसांनी)*
उदबत्ती लावून बघितली. पंखा चालू असताना धूर सरळ माझ्या तोंडावर आला, बंद केल्यावर हळूच आत वळला. तेव्हापासून पंखा बंद आहे आणि मागची खिडकी किलकिली.

मुलाने ओंडके फोडले. खूण केलेली ढलपी ९२० ग्रॅम होती, नवव्या दिवशी ७०० भरली, अजून उतरतेय. नळ उतरवून सुंभाच्या बोळ्याने घासला, चहाच्या दोन डब्यांएवढं काळं खरपूड निघालं. सांधे सुलटे करून घेतले, ओघळ थांबले.

पेटवायला अजून दहाएक मिनिटं जातात, पण दार लावून जाळ टिकतो. काल सासूबाईंनी उकड्या तांदळाची पेज ठेवली आणि शेवटपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. खोकला बराच कमी आहे, डॉक्टरांनाही दाखवून आणलं. नळ कौलातून वर न्यायला गवंडी येणार आहे, दोन दिवस उघडीप मिळाली की. मामा, दादा, तुमचे उपकार विसरणार नाही.

पेडण्याचे मामा:
छान झालं ताई. गवंडी येईल तेव्हा तुम्ही स्वतः उभ्या राहा. नळ छपरातून जातो तिथे वासा, रीप, काहीही लाकडी त्याच्या दीड फुटात येऊ देऊ नका. येत असेल तर ते कापून मधे पत्र्याचं कडं बसवायला लावा. वरची टोपी चारी बाजूंनी उघडी हवी.