बदलाची कसोटी कोणती?

चर्चने आधुनिक मूल्ये स्वीकारणे म्हणजे वारा येईल तशी पाठ फिरवणे होय, असे मत काहीजण मांडतात. त्यामागची काळजी मला रास्त वाटते. १९३० च्या दशकात जर्मनीतील प्रोटेस्टंटांचा एक मोठा गट नाझी विचारांच्या आहारी गेला आणि त्याला विरोध करणाऱ्या प्रोटेस्टंटांनी १९३४ च्या बार्मेन जाहीरनाम्याने ठाम नकार दिला, हे विसरून चालणार नाही.

मात्र चर्च कधी बदललेच नाही, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. बायबलमधील, प्रेषित पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले पत्र जेमतेम पंचवीस वचनांचे आहे. त्यात तो अनेसिम या दासाला त्याच्या धन्याकडे, म्हणजे फिलेमोनाकडे परत पाठवतो, पण त्याला दास न मानता प्रिय बंधू म्हणून स्वीकारावे, अशी विनंतीही करतो. अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थक यातल्या पहिल्या गोष्टीवर बोट ठेवत, तर विरोधक दुसऱ्या गोष्टीवर. याच प्रश्नावरून १८४५ मध्ये वेगळ्या झालेल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतील चर्चसंघाने गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल माफी मागितली ती थेट १९९५ मध्ये. दीडशे वर्षे! वचन तेच राहिले, वाचणाऱ्यांची नजर बदलली, आणि त्यात समाजाच्या रेट्याचा वाटा होता हे मान्य केल्याने श्रद्धेला कमीपणा येतो, असे मला मुळीच वाटत नाही.

म्हणून बदल नवा की जुना, यापेक्षा तो सत्तेच्या बाजूचा आहे की दुर्बलांच्या, हे मी आधी पाहीन. चर्च ऑफ इंग्लंडने १९९४ मध्ये स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली, तो निर्णय या कसोटीला निःसंशय उतरतो.