पानमसाला कंपनीच्या वेलचीचे काम स्वीकारावे का?

अक्षररेषा, लालबाग : मी स्वतंत्रपणे पॅकेजिंग आणि जाहिरातफलकांची कामे करते. एका पानमसाला कंपनीने वेलचीच्या डब्यांचे वर्षभराचे काम देऊ केले आहे. मात्र डब्यावरचे नाव, रंग आणि अक्षरांचे वळण तंबाखूच्या पुडीवर आहे तसेच ठेवायचे आहे. हे कायद्यात बसते, असे त्यांचे वकील सांगतात. परळला टाटा रुग्णालयाजवळच्या पदपथावर राहणारे रुग्ण मला रोज दिसतात, तर दुसरीकडे माझ्याकडे दोन मुली पगारावर आहेत. माझी जबाबदारी कोठवर जाते?

जुना कॉपीरायटर : वकिलांच्या शब्दावर विसंबू नये. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचे पाचवे कलम केवळ उत्पादकापुरते नाही. तंबाखूच्या सेवनाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष उत्तेजन देणाऱ्या जाहिरातीत भाग घेण्यास ते सर्वांनाच मनाई करते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही सरोगेट जाहिरातींवर, म्हणजे जिच्या जाहिरातीला मनाई आहे अशा वस्तूची दुसऱ्याच वस्तूच्या आडून केलेल्या जाहिरातींवर, बंदी घातली आहे. वेलचीची वार्षिक विक्री किती आणि तिच्या जाहिरातीवरचा खर्च किती, एवढे कंपनीला विचारावे. खर्च विक्रीच्या मानाने अवाच्या सवा असेल, किंवा आकडेच मिळाले नाहीत, तर जाहिरात कशाची आहे ते उघड आहे.

गिरगावकर : मी लहान एजन्सी चालवतो आणि मला हे इतके सरळ वाटत नाही. मद्य, साखरेची पेये, कर्ज देणारी अ‍ॅप असे सगळेच नाकारत गेलो, तर पगार कोठून द्यायचे? वकील आरोपीचे वकीलपत्र घेतो तेव्हा त्याला कोणी दोषी धरत नाही.

जुना कॉपीरायटर : पगाराची अडचण खरी आहे आणि ज्याच्यावर चार घरे अवलंबून आहेत त्याला मी नावे ठेवणार नाही. वकिलाचा दाखला मात्र येथे लागू होत नाही. आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करवून घेण्याचा हक्क अटक झालेल्या माणसाला राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिला आहे. चांगली जाहिरात मिळण्याचा हक्क कोणत्याही पुडीला नाही. शिवाय महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पुडीवरचे नाव लोकांच्या, विशेषतः शाळकरी मुलांच्या, डोळ्यांसमोर राहावे यासाठीच जर वेलचीचा डबा असेल, तर त्या डब्याचे देखणेपण हीच आपण विकलेली वस्तू ठरते.

अक्षररेषा, लालबाग : आकडे मागितले होते. 'ती माहिती आपल्या कामाशी संबंधित नाही' असे उत्तर आले. आगाऊ रक्कम अद्याप घेतलेली नाही, त्यामुळे सोमवारी लेखी नकार कळवते. दोन्ही मुलींना कारण सांगितले आहे. दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यांचे काम कोणाकडे जास्तीचे असल्यास कृपया कळवावे.