चार टक्क्यांची सवलत
पर्यायी बिलिंगमुळे, म्हणजे ॲपमधील खरेदीचे पैसे गूगलऐवजी दुसऱ्या पेमेंट सेवेतून घेण्याच्या मुभेमुळे, भारतातील ॲप-विकासकांची गूगलच्या कमिशनमधून सुटका झाली, असे म्हटले जाते; ते मला मान्य नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणाबद्दल ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावल्यानंतर ही मुभा सर्व ॲप्सना मिळाली खरी. पण ग्राहकाने दुसऱ्या मार्गाने पैसे भरले, तरी गूगलचे शुल्क केवळ ४ टक्क्यांनी घटले, म्हणजे १५ चे ११ किंवा ३० चे २६ टक्के झाले.

१०० रुपयांच्या वर्गणीतले ११ रुपये गूगलला दिल्यावर पेमेंट गेटवेचे शुल्क, परताव्यांचा हिशेब आणि फसलेल्या व्यवहारांच्या तक्रारी हे सारे विकासकाच्याच गळ्यात पडते. लहान कंपनीला एवढ्यासाठी दुसरी यंत्रणा उभारणे परवडत नाही, आणि म्हणूनच ही मुभा मला अपुरी वाटते.